निळ्या झाकणाची चावी

आमच्या गॅरेजमध्ये हवेच्या कॉम्प्रेसरच्या वर एक पाटी आहे. 'येथे कापाकापी केली जात नाही.' नवीन माणूस ती वाचून हसतो. गॅरेज आहे आणि कापाकापी नाही, मग पूजा करतात की काय? पण ज्याला अर्थ कळतो तो हसत नाही. तो माझ्या टेबलापाशी येतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "वहिनी, आपलं तेवढं एक काम बघा ना."

ते 'तेवढं एक काम' म्हणजे काय, हे आधी सांगते. ट्रकशी संबंध नसलेल्या वाचकांना त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गॅरेज शहादा-तळोदा रस्त्यावर आहे. पाने, हातोडे, जॅक हे आमच्या मिस्तरींचं खातं. आमचे मिस्तरी म्हणजे माझे यजमान. स्कॅनर, सुटे भाग मागवणं आणि गिऱ्हाइकांना प्रश्न विचारणं हे माझं. लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त बिलं लिहायची. मग ट्रकमध्ये कॉम्प्युटर आले. कंपनीनं मेकॅनिकांसाठी वर्ग ठेवला तेव्हा मिस्तरी म्हणाले, "इंजिन बोलतं ते मला ऐकू येतं. पडदा बोलतो ते तू ऐक." मी गेले. वर्गात मी एकटी बाई होते आणि वहीत सगळं उतरवून घेणारीही एकटीच. तेव्हापासून गाडी आत आली की पहिला हात माझा. म्हणजे हात नाही, तोंड. मी प्रश्न विचारते. शेवटची खेप कुठली, कोणता दिवा लागला, लागला तेव्हा गाडी चढत होती की उतरत होती, कोणी काय भरलं. उत्तरं मिळाल्याशिवाय गाडीला पाना लागत नाही. मिस्तरी याला माझी चौकशी समिती म्हणतात.

तर, डिझेल जळलं की धूर होतो. जुन्या ट्रकमध्ये तो सरळ नळीतून बाहेर पडायचा आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर बसायचा. आता तसं नाही. गेल्या काही वर्षांतल्या ट्रकमध्ये बाहेर पडण्याआधी धुराला दोन-तीन खोल्या ओलांडाव्या लागतात. एका खोलीत बारीक जाळी असते, ती काजळी धरते. काजळी साठली की गाडी स्वतःच तापून ती जाळून टाकते. पुढच्या खोलीच्या तोंडाशी युरियाच्या पाण्याचा फवारा उडतो आणि धुरातला विषारी वायू मरतो. हे पाणी डिझेलच्या टाकीत जात नाही. त्याची वेगळी लहान टाकी असते आणि तिला निळं झाकण असतं. झाकणाला कुलूप, कुलपाला चावी. पाणी बंद डब्यात विकत मिळतं.

यातली एक जरी खोली आजारी पडली तरी गाडीचा कॉम्प्युटर आधी दिवा लावतो, मग पीं पीं करतो आणि तरी कोणी ऐकलं नाही तर इंजिनाची ताकद काढून घेतो. भरलेला ट्रक मग बैलगाडीसारखा चालतो. मालक वैतागतो आणि म्हणतो, काढून टाका ते सगळं. हेच ते 'तेवढं एक काम'. खोल्या कापायच्या, आतला माल काढायचा, रिकामा डबा परत वेल्डिंग करून लावायचा. नंतर बाहेरगावचा एक माणूस लॅपटॉप घेऊन येतो आणि गाडीच्या मेंदूला पटवतो की तुला नाक नाही, तू वास घेऊ नकोस. दिवे विझतात, गाडी पळते, मालक खूश.

आम्ही हे करत नाही, याची माझ्याकडे दोन कारणं होती. एक म्हणजे ते बेकायदा आहे. आरटीओच्या पासिंगला गाडी अडते. दुसरं म्हणजे ते परत जोडता येत नाही. अक्कलकुव्याकडच्या एका गिऱ्हाइकाला मी हे दोनदा समजावलं. त्यानं दुसरीकडे कापून घेतलं आणि पासिंगच्या आधी माझ्याकडे आला. "वहिनी, आता परत लावून द्या." मी विचारलं, आतला माल कुठाय? तो भंगारात गेला होता. नवा बसवणं त्याला झेपलं नाही, ट्रक कवडीमोलानं गेला. मी त्याला तिसऱ्यांदा समजवायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

तिसरं कारण मला पुढे कळलं. ते शिकवणाऱ्याचं नाव गुलाब.

गुलाब म्हणजे जगनभाऊंचा ड्रायव्हर. जगनभाऊ कळसाडीचे, घरी कपाशी आणि ऊस. शेतीला जोड म्हणून त्यांनी एक जुना ट्रक घेतला होता. जुना म्हणजे पहिल्या मालकानं चांगला रगडलेला, पण धुराच्या खोल्यांवाला. तो जिनिंग मिलमधून कापसाच्या गाठी गुजरातेत न्यायचा, येताना सिमेंट आणायचा. गुलाब वर डोंगरातल्या मोलगीच्याही पलीकडच्या पाड्यावरचा. आधी दर हंगामाला तो बायकापोरांसकट गुजरातेत ऊसतोडीला जायचा. ड्रायव्हरकी मिळाल्यापासून घर एका जागी राहिलं आणि मुलगी तळोद्याला शाळेत राहिली. आमच्याकडे गाडी उभी असली की तो चहा पिताना दुसरं काही बोलायचा नाही. "पोरगी आठवीत गेली, बाई." एवढंच, आणि मग गाडीविषयी. डोंगराकडची माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. गुलाब मला, मिस्तरींना, जगनभाऊंना, सगळ्यांना 'तू' म्हणायचा. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

त्या दिवशी तो मोलगीला सिमेंट टाकून आला होता. देवगोई घाटात गाडीची ताकद गेली. त्यानं पहिल्या गिअरवर, मागे जीपांची रांग लावून, हळूहळू माल वर पोचवला आणि रिकामी गाडी आमच्या दारात आणून उभी केली. त्या हंगामातली ही दुसरी वेळ होती. जगनभाऊ मोटारसायकलवर आले ते तापलेलेच.

"वहिनी, आते पुरे! काढी टाका ते बठ्ठं. सुरतना एक माणूस शे, लॅपटॉप लई येस. परवा येस बोलना तो."

"भाऊ, पाटी वाचली का?"

"पाटी वाचीसन गाडी चालस का?"

"चालत नाही. पण आधी झालंय काय ते तर बघू द्या." मी गुलाबकडे वळले. "निळ्या टाकीत शेवटचं कधी भरलंस?"

"मी नाही भरत," गुलाब म्हणाला. "सकाळी येतो तेव्हा भरलेलीच असते."

जगनभाऊ उसळले. "भरेल ऱ्हास? कोन भरस मंग? मी डबा लई देस, भरानं काम तुन्हं!"

"पहिला डबा मी भरला. मग रोज भरलेलीच दिसली. मला वाटलं, तू भरतो."

"आयका वहिनी, आयका! माले वाटस हाऊ भरस, याले वाटस मी भरस. गाडी सोताच पानी पेस!"

मिस्तरी हसले. मला हसू आलं नाही. दोन माणसं एकाच टाकीविषयी दोन गोष्टी सांगत होती आणि दोघांचे चेहरे खरं बोलणाऱ्यांचे होते. ही दोन उत्तरं मला जुळवता येईनात.

मी टाकीतलं थोडं पाणी काढलं. ते तपासायला माझ्याकडे एक लहान नळी आहे. साखर कारखान्याचा माणूस उसाच्या फडात रसाचा थेंब काचेवर टाकून एक डोळा मिटून उजेडाकडे बघतो ना, तसलीच. थेंब टाकला, बघितलं. युरिया जितका हवा त्यापेक्षा फारच कमी. मी जगनभाऊंना दाखवलं, कारण दाखवणं माझं काम आहे. त्यांनी डोळा लावला आणि माझ्याआधी निकाल दिला.

"पानी टाकं यानी! डबा विकी टाकात आनि टाकीमा पानी टाकं! रोज भरेल ऱ्हास म्हने!"

गॅरेजमध्ये त्या वेळी आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. त्यांचे ड्रायव्हर वळून बघायला लागले.  गुलाबनं अंगठ्यानं हाताच्या तळव्यावरचं ग्रीस घासायला सुरुवात केली.

"भाऊ, थांबा," मी म्हटलं. "पातळ आहे म्हणजे चोरलं असं होत नाही. टाकी उघडू द्या."

मिस्तरींनी टाकी उतरवली आणि आतली गाळणी बाहेर काढली. गाळणीवर तपकिरी, चिकट साय. नळीच्या तोंडाशी पांढरे खडे. मिस्तरींनी गाळणी नाकाशी नेली आणि माझ्याकडे दिली. मी शेतकऱ्याची मुलगी. तो वास मला ओळखायला वेळ लागला नाही. कडुलिंबाचं तेल. शेताच्या युरियाच्या दाण्यावर ते लावलेलं असतं. गोणी फोडली की सगळ्या खळ्यात हाच वास भरतो. विकतच्या डब्यातल्या पाण्याला तो कधीच नसतो.

जगनभाऊंनीही वास ओळखला.  मला वाटलं, आता विचार करतील. केला, पण उलटा.

"म्हंजे मन्हा घरनं युरिया बी लई गया! डबा विकात, आनि मन्ही कोठडीमातला युरिया टाकीमा टाकं. वा रे गुलाब!"

बघा कसं असतं. मी एकेक पुरावा काढत होते आणि प्रत्येक पुरावा त्या माणसाच्या गळ्यात जाऊन पडत होता.

गुलाबनं खिशातून ट्रकची चावी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ही तू ठेव, बाई. मला चोरी करायची असती तर ट्रक नेला असता. पाणी कोण चोरतं?" आणि तो रस्त्यावर जाऊन तळोद्याकडे जाणाऱ्या जीपला हात करून उभा राहिला. जीप भरलेली होती. तो मागच्या शिडीवर लटकला आणि गेला.

जगनभाऊ म्हणाले, "जाऊ दे. ड्रायव्हर दुसरा बी भेटतीन." मग मोटारसायकलला किक मारता मारता, "परवा लॅपटॉपवाला ई ऱ्हायना. तयार ठेवा गाडी."

संध्याकाळी मिस्तरी मला म्हणाले, "आपलं काम गाडीचं. माणसांचं त्यांचं ते बघतील."

"गाडीचंच बोलतेय," मी म्हटलं. "टाकी धुऊ, नळ्या धुऊ, सगळं नवं करू. पण यात शेताचा युरिया कोण टाकतंय ते कळलं नाही तर पुढच्या महिन्यात गाडी परत दारात."

हे खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. शिडीवर लटकलेला गुलाब माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. ड्रायव्हरकी गेली की तो पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार, सगळं घर जाणार, आणि आठवीतली पोरगी शाळेत राहणार की धाकट्या भावंडांना सांभाळायला फडावर जाणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी लागत नाही. शिवाय चोर ठरलेल्या ड्रायव्हरला दुसरा ट्रकही मिळत नाही. आमच्या धंद्यात ही बातमी जीपच्या वेगानं जाते.

दुसऱ्या दिवशी मी कळसाडीला गेले. निमित्त होतं डबे कुठे ठेवता ते बघायचं. उन्हात ठेवले तर खराब होतात, हे खरंच आहे. जगनभाऊ शेतात गेले होते. ओट्यावरच्या खुंटीला निळ्या झाकणाची चावी लटकत होती, घरातल्या कोणाच्याही हाताला येईल अशी. मागच्या अंगणात ट्रक उभा करायची जागा, तिच्या बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये आबा, म्हणजे जगनभाऊंचे वडील. पुढ्यात निळं प्लास्टिकचं पिंप, हातात काठी, आणि आबा ढवळत होते.

"ये बाई, ये. गाडीवाली ना तू? कसं शे गाडीनं?"

"आजारी आहे, आबा."

"खुराक कमी पडना व्हई." ते जोरानं ढवळायला लागले. "करस तयार. लई जाय संगे."

मी जवळ जाऊन पिंपात बघितलं. वासानं सगळं सांगितलं.

"आबा, हे काय करता?"

"गाडीनं पानी. जगन डबा लयस, त्यावर काय लिखेल शे? युरिया आनि पानी. मन्हा घरमा युरिया शे, हिरमा पानी शे. मंग डबा कसाले लयवाना? रोज सकायले उठीसन भरस मी. पोऱ्या झोपेल ऱ्हास. त्याले काय ठावं."

"गाळून घेता का?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. सवय.

"धोतरनं फडकं, दुपट करीसन!" आबांना प्रश्नाचा अपमान वाटला. "कपाशीले चालस, ऊसले चालस, गाडीले का नही चालाव?"

खरं सांगते, त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. माल तोच आहे. फक्त शेताच्या दाण्याला कडुलिंबाचं तेल असतं, आणि आमच्याकडच्या विहिरीच्या पाण्यात क्षार इतके की चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो. गाडीच्या फवाऱ्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. त्यात तेलही अडकतं आणि क्षारही. ज्या माणसानं सगळं आयुष्य पिकाला डोस दिला, त्याला लेकाच्या गाडीलाही तोच द्यावासा वाटला. कपाशीच्या मुलखाबाहेर ही चूक कोणाच्या डोक्यातही यायची नाही.

"मग जगनभाऊंनी आणलेले डबे?"

आबा उठले. कोठडीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. खाली डबे. सगळे भरलेले, सगळ्यांचं सील शाबूत, अंगावर धुळीचा कण नाही.

"ठेवेल शेतस," आबा म्हणाले. "चांगली वस्तू शे. लगेच वापरी टाकवा का?"

तेवढ्यात मागून जगनभाऊ आले. डबे बघून ते दारातच थांबले. त्यांची नजर डब्यांवरून पिंपावर गेली, पिंपावरून काठीवर.  आबांनी विचारलं, "गुलाब कोठे शे? काल सकायपासून दिसना नही."

मी जगनभाऊंकडे बघितलं. हे सांगणं माझं काम नव्हतं.

"गया तो," जगनभाऊ म्हणाले. "मी बोलनू त्याले. डबा विकी टाकात म्हनी."

आबांनी काठी पिंपातून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "चोर म्हना त्याले?"

"हा."

"सगळास्ना समोर?"

"हा."

"मंग जाय आनि सगळास्ना समोरच शब्द मांगे ले," आबा म्हणाले. "मी बी येस."

पण आधी लॅपटॉपवाला यायचा होता, आणि तो ठरल्या वेळी आला. गोरापान तरुण, पाठीवर पिशवी. त्यानं पाटी वाचली. "मॅडम, ही बाहेरून दिसत नाही."

"आत येणाऱ्यांसाठीच आहे."

तो हसला आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसला. जगनभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांना आता वेगळाच मुद्दा सापडला होता. "वहिनी, विचार करा. कापं की टाकी नही, चावी नही, डबा नही. आबा काय टाकतीन? कोनवर आळ येवानाच नही. कटकटच संपनी."

मुद्दा बिनतोड होता, हे कबूल करायला हवं. कायद्याची आणि पासिंगची दोन्ही कारणं मी त्यांना सांगितली. ती त्यांनी पाहुण्यांच्या गप्पा ऐकाव्यात तशी ऐकली. शेवटी मी म्हटलं, "गाडी चालवणार कोण ते आधी ठरू दे. तोवर गाडी इथेच." लॅपटॉपवाला दोन चहा पिऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. म्हणाला, ठरलं की फोन करा.

मोलगीला बाजाराच्या दिवशी गेलो. जगनभाऊ, आबा आणि मी. मला जगनभाऊंनीच बोलावलं. गुलाब माझं ऐकेल असं त्यांना वाटत होतं. तळोद्याहून जीपमध्ये बसलो. घाट चढताना आबा खिडकीतून दरी बघत होते. एका वळणावर म्हणाले, "अठे गाडी बंद पडनी व्हती का?" जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "अठेच. आम्ही मागे होतो. त्या माणसानं सिमेंट भरलेली गाडी मागे सरकू दिली नाही, आबा. दुसरा असता तर चाकाला दगड लावून पळाला असता." आबा जगनभाऊंकडे बघत राहिले. जगनभाऊ रस्त्याकडे.

बाजार भरलेला. डोंगरातून पायी आलेली माणसं, टोपल्या, कोंबड्या. गुलाब आणि त्याची बायको वाळल्या मिरच्यांचा ढीग मांडून बसले होते. गुलाबनं आम्हाला बघितलं आणि तराजू उचलला.

"चाल रे," जगनभाऊ त्याच्यापाशी वाकून म्हणाले. "गाडी तयार व्हई ऱ्हायनी."

"कोणाची गाडी?"

"आपली."

"चोराला गाडी देतो का तू?"

जगनभाऊंनी आवाज आणखी खाली आणला. "चूक व्हयनी रे. आबानी टाकं व्हतं ते. डबा घरमाच सापडनात."

"हळू काय बोलतो?" गुलाब म्हणाला. "तिथे मोठ्यानं बोलला. इथे पण मोठ्यानं बोल. इथे माझी माणसं आहेत, त्यांना पण ऐकू दे."

आजूबाजूचे थांबले. जीप स्टँडवरचे दोघे-तिघे जवळ आले. जगनभाऊ सरळ उभे राहिले. कळसाडीत त्यांचं घर मानाचं. असं बाजारात उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. घसा खाकरून ते म्हणाले, "गुलाबनी चोरी नही करी. मी खोटं बोलनू. आयकं का सगळास्नी?"

"आनि पानी मी टाकं व्हतं!" आबांनी छातीवर हात मारला. "धोतरना फडकामा गायीसन टाकं व्हतं!"

लोक हसले. गुलाबची बायको तोंडाला पदर लावून सगळ्यात जास्त हसली. गुलाबला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं.

"ठीक. येतो," तो म्हणाला. "गाडी कशी आहे, बाई? सगळं आहे ना तिच्यात?"

"अजून आहे," मी म्हटलं.

"आते काढी टाकसूत," जगनभाऊ उत्साहानं म्हणाले. "म्हंजे परत असं व्हवानंच नही."

गुलाबनं तराजू खाली ठेवला. "कापलं तर मी नाही बसणार."

"का रे? तुन्हं काय जास?"

"बॉर्डरवर गाडी थांबवतात तेव्हा तू कळसाडीत असतो. आबा खाटेवर असतो. लॅपटॉपवाला सुरतेत असतो. खाली कोणाला उतरवतात? मला. वाकून नळी बघतात, मग माझ्याकडे बघतात. एकदा चोर म्हणवून घेतलं, जगनभाऊ. दुसऱ्यांदा खरंच चोरीची गाडी चालवायची का मी?"

हे ते तिसरं कारण. इतकी वर्षं मी मालकांना कायदा सांगत होते, पासिंग सांगत होते, भंगारात गेलेल्या मालाची गोष्ट सांगत होते. माझ्या प्रश्नांच्या लांबलचक यादीत हा प्रश्न नव्हता: कापलेली गाडी चालवणार कोण? माझ्या टेबलापाशी मालक येतो. ड्रायव्हर बाहेर उभा असतो. मी बाहेर कधी बघितलंच नव्हतं.

जगनभाऊंनी ढिगातली एक मिरची उचलली आणि परत ठेवली. मग त्यांनी खिशात हात घातला आणि निळ्या झाकणाची चावी काढली. खुंटीवरून कधी काढून आणली होती कोण जाणे. "ही तुन्हाकडे ठेव मंग. दुसरा कोनी हात लावाव नही."

गुलाबनं चावी घेतली, शर्ट वर केला आणि कडदोऱ्याला गाठ मारून बांधली.

आम्ही टाकी धुतली, नळ्या बदलल्या, फवाऱ्याचं तोंड गरम पाण्यात ठेवून खडे विरघळवले. धुराची मोठी खोली वाचली होती. घाटात गाडी लवकर बंद पडली हेच तिचं नशीब. आणखी महिनाभर आबांचा खुराक मिळाला असता तर तीही गेली असती. गाडी पोचवायला मी स्वतः कळसाडीला गेले. पहिला डबा कोठडीतून आबांनीच आणला, दोन्ही हातांवर, पेटीतला शालू काढावा तसा. सील फाडताना त्यांचा जीव तुटला. गुलाबनं कडदोऱ्याची चावी न सोडता, कमरेत वाकून झाकण उघडलं आणि ओतायला लागला. डब्याच्या तळाला थोडं उरलं.

"एवढं कपाशीले टाकू का?" आबांनी विचारलं.

"नाही," गुलाब म्हणाला. "कपाशीचं तू बघ, आबा. हिचं मी बघतो." आणि झाकण लावून टाकलं.

आबा माझ्याकडे वळले. "ड्रायव्हर भलताच कडक शे," ते म्हणाले, आणि ते बोलताना त्यांना मनापासून बरं वाटत होतं.

त्यानंतर मी पाटी रंगवणाऱ्याला परत बोलावलं. 'येथे कापाकापी केली जात नाही' ही ओळ तशीच ठेवली. तिच्याखाली एक ओळ वाढवून घेतली: 'तरी करायचीच असेल तर आधी आपल्या ड्रायव्हरला विचारून या.' अजूनही लोक येतात, आवाज खाली आणतात. मी पाटीकडे बोट करते. ते वाचतात आणि मान वळवून दाराबाहेर बघतात. तिथे ट्रकच्या सावलीत ड्रायव्हर उभा असतो, आत काय चाललंय याचा अंदाज घेत. बहुतेक जण त्याला विचारत नाहीत. नुसतं म्हणतात, "बरं वहिनी, मग दुरुस्तच करा."